एक्झॉस्ट बदलल्यावर टर्बो गाडीचं इंजिन का बिघडतं?

तक्रार जवळजवळ ठरलेली असते. जाड पाइप आणि मोकळा सायलेन्सर बसवला, आवाज भारदस्त झाला, पिकअपही वाढला. मग काही दिवसांत डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. किंवा वरच्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबलं की गाडी झेप घेते आणि मध्येच कुणी मागून खेचल्यासारखी ताकद तुटते. किंवा जागेवर उभी असताना इंजिन थरथरतं आणि कच्च्या पेट्रोलचा वास येतो. पाइप बसवणारा म्हणतो, ‘ईसीयूचं (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचं) ट्यूनिंग करून घ्या.’ ट्यूनिंग करणारा म्हणतो, ‘आधी फिटिंग धड करून आणा.’ गाडीचा मालक दोघांच्या मध्ये लटकतो.

दोघांचंही बरोबर असू शकतं. पण माझं मत विचाराल तर आधी फिटिंग तपासावं. पाइप ‘फार मोकळा’ झाल्यामुळे बिघडणाऱ्या गाड्या असतात, पण गॅस्केट नीट न बसल्यामुळे, सेन्सरची वायर भाजल्यामुळे किंवा एखादी नळी जोडायची राहिल्यामुळे कुरकुरणाऱ्या गाड्या त्याहून जास्त असतात. फिटिंगची चूक शोधायला खर्चही कमी येतो. आणि गळती तशीच ठेवून केलेलं ट्यूनिंग म्हणजे चुकीच्या आकड्यांवर बेतलेला हिशेब.

हे का होतं ते कळायला टर्बो इंजिनात एक्झॉस्ट काय काम करतो, इथून सुरुवात करावी लागेल.

एक्झॉस्ट हा इंजिनाचा शेवट नाही

टर्बो नसलेल्या इंजिनात एक्झॉस्टचं काम सरळ आहे. जळालेला वायू बाहेर न्यायचा, आवाज कमी करायचा, विषारी घटक साफ करायचे. टर्बो इंजिनात हाच वायू बाहेर पडण्याआधी टर्बाइनचं पातं फिरवतो. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर असतो, आणि तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचं पेटंट १९०५ साली घेतलं. तत्त्व आजही तेच आहे. छोट्या गाड्यांच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेऱ्या मारू शकतो, आणि पेट्रोल इंजिनात टर्बाइनवर येणारा वायू पूर्ण ताकदीच्या वेळी ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेला असतो.

टर्बाइन किती जोरात फिरेल हे फक्त तिच्यावर येणाऱ्या वायूवर ठरत नाही. टर्बाइनच्या आधीचा दाब आणि नंतरचा दाब यांतला फरक जितका मोठा, तितकं जास्त काम वायूकडून निघतं. आता टर्बाइनच्या पुढचा पाइप, म्हणजे डाउनपाइप, जाड केला किंवा त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (‘कॅट’, म्हणजे धुरातले विषारी घटक साफ करणारी जाळी) मोकळ्या जातीचा घातला, तर नंतरचा दाब उतरतो. टर्बो लवकर वेग धरतो आणि जास्त हवा दाबतो. म्हणजे हात लावला एक्झॉस्टला, पण बदल झाला इंजिनात शिरणाऱ्या हवेत. पुढच्या बहुतेक भानगडी इथूनच निघतात.

‘इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतंच’ हे वाक्य अजूनही गॅरेजमध्ये छातीठोकपणे ऐकायला मिळतं. त्याचं मूळ टर्बो नसलेल्या इंजिनांत आहे. तिथे पाइप प्रमाणाबाहेर जाड केला की वायूचा वेग पडतो, दाबाच्या लाटांचा मेळ बिघडतो आणि कमी आरपीएमवरची ताकद जाते. लोकांनी त्याचा अर्थ ‘अडथळा हवा’ असा लावला. टर्बाइनच्या पुढच्या पाइपात अडथळ्याचा कसलाही फायदा नाही. उलट बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, तेवढाच ठेवला, तर मोकळ्या एक्झॉस्टने सिलिंडरात जुना तापलेला वायू कमी उरतो आणि इंजिन नॉक होण्याची, म्हणजे मिश्रण आपोआप पेटण्याची, शक्यताही घटते. अडचण अशी की बूस्ट तेवढाच राहील याची खात्री नसते.

कुठला भाग बदलला यावर धोका ठरतो. कॅटच्या मागचा पाइप आणि सायलेन्सर एवढंच बदललं असेल तर दाबात फरक थोडा पडतो आणि बहुतेक गाड्यांचा ईसीयू तो सांभाळून घेतो. डाउनपाइप बदलला तर सेन्सर, कॅट आणि बूस्ट या तिन्हींना एकदम हात लागतो. टर्बोच्या आधीचा मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांमधला वायू गोळा करून टर्बोकडे नेणारा भाग, बदलणं हे तर वेगळंच काम आहे, ते ट्यूनिंगशिवाय करूच नये.

ईसीयू कशावर विसंबतो

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण राखायचं तर किती हवा आत आली हे ईसीयूला कळायला हवं. काही गाड्यांत एअर फिल्टरनंतर हवेचं वस्तुमान थेट मोजणारा सेन्सर असतो. काही गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागातला, दाब, तापमान आणि आरपीएम यांवरून हवेचा हिशेब केला जातो. दुसऱ्या पद्धतीत कारखान्यात भरलेला एक तक्ता असतो: अमुक आरपीएम आणि अमुक दाब असेल तर सिलिंडर इतका भरतो. एक्झॉस्ट मोकळा झाला की सिलिंडर तक्त्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त भरतो, पण ईसीयूला ते दिसत नाही. म्हणून अशा गाड्या एक्झॉस्टमधल्या बदलाला जास्त हळव्या असतात. थेट मोजणाऱ्या सेन्सरच्या गाड्या थोडं जास्त सहन करतात.

हिशेब चुकला तर तो पकडायला ऑक्सिजन सेन्सर असतो. कॅटच्या आधीचा, म्हणजे पुढचा, सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरला हे बघतो. ऑक्सिजन जास्त दिसला तर मिश्रण पातळ, म्हणजे ‘लीन’. कमी दिसला तर ‘रिच’. त्यानुसार ईसीयू इंधन वाढवतो किंवा कमी करतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात आणि ती टक्क्यांत मोजतात. तात्पुरती दुरुस्ती क्षणाक्षणाला बदलते. तीच बराच काळ एका दिशेने राहिली तर ईसीयू ती कायमच्या खात्यात टाकतो. निरोगी गाडीत दोन्ही मिळून साधारण १० टक्क्यांच्या आत राहतात.

कॅटच्या नंतरचा सेन्सर मुख्यतः कॅटवर पाळत ठेवतो. चांगल्या कॅटमध्ये ऑक्सिजन साठवण्याची क्षमता असते, त्यामुळे मागच्या सेन्सरचा सिग्नल संथ असतो. कॅट काढला किंवा फार विरळ जाळीचा घातला की मागचा सेन्सरही पुढच्यासारखा खालीवर हलू लागतो आणि ‘पी ०४२०’, म्हणजे कॅट नीट काम करत नाही, हा कोड येतो. या कोडने इंजिनला थेट इजा होत नाही. म्हणूनच त्यावर सेन्सरला अडॅप्टर लावून त्याला धुरापासून दूर सरकवण्याचा जुगाड चालतो. पण पुष्कळ गाड्यांत मागचा सेन्सर इंधनाची बारीक दुरुस्तीही करतो. त्याला फसवलं की ती दुरुस्तीही फसते. शिवाय दिवा कायम लागलेला राहिला तर उद्या खरा, गंभीर दोष आला तेव्हा तो कळायचा कसा? कॅट काढून टाकणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे आणि प्रदूषण तपासणीत अशी गाडी अडकते, हा भाग वेगळाच.

गळती: बाहेर जाणारा वायू नव्हे, आत येणारी हवा

एक्झॉस्टमध्ये कुठे फट राहिली तर वायू बाहेर जाईल, आवाज येईल, बस्स, असं वाटतं. खरा घोळ उलट्या दिशेने होतो. इंजिनातून वायू सलग येत नाही, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जाऊ शकतो, आणि फटीतून ताजी हवा आत ओढली जाते. इंजिन जागेवर चालू असताना वायूचा प्रवाह कमी असतो, त्यामुळे तेवढीशी हवासुद्धा प्रमाणात मोठी ठरते.

ही फट पुढच्या सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सरला बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन दिसतो. तो प्रामाणिकपणे सांगतो, मिश्रण लीन आहे. ईसीयू इंधन वाढवतो. मिश्रण मुळात ठीक होतं, ते आता खरोखर रिच झालं. प्लग काळे पडतात, पेट्रोलचा वास येतो, आयडलिंग हलतं, मायलेज पडतं. स्कॅनरवर मात्र कोड येतो ‘पी ०१७१’, म्हणजे मिश्रण पातळ! प्लग बघणारा म्हणतो रिच, स्कॅनर बघणारा म्हणतो लीन. एक्झॉस्टचं काम नुकतंच झालेल्या गाडीत असा विरोधाभास दिसला तर मी बाकी सगळं सोडून सांधे तपासायला सांगेन.

टर्बो गाडीत ही फट बहुधा दोनच जागी सापडते. एक, टर्बाइन आणि डाउनपाइप यांच्यामधला सांधा, मग तो गॅस्केटचा असो वा गोल क्लॅम्पचा. जुनं गॅस्केट पुन्हा वापरलं, फ्लँज, म्हणजे पाइपाच्या टोकाची सपाट कडा, वेल्डिंगच्या उष्णतेने किंचित वाकली, किंवा पाइप लटकत असतानाच क्लॅम्प आवळला, तर सांधा वरून घट्ट दिसतो पण बसलेला नसतो. दुसरी जागा म्हणजे सेन्सरसाठी वेल्ड केलेला गोल नट. वेल्डमध्ये बारीक छिद्र राहिलं तर ते सेन्सरच्या अगदी तोंडाशी हवा सोडतं.

टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डच्या बाजूला गळती असेल तर आणखी एक लक्षण जोडलं जातं. बूस्टच्या वेळी तिथे दाब मोठा असतो, त्यामुळे टर्बाइनला मिळायचा वायू बाहेर निसटतो आणि टर्बो उशिरा जागा होतो. थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक असा आवाज येतो आणि धातू तापून फुगला की तो थांबतो. आवाज थांबला म्हणजे दोष गेला असं नाही.

गळतीबद्दल एक गोष्ट इंजिनाच्या पलीकडची आहे. डाउनपाइप केबिनच्या जवळून जातो. तिथून निसटणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद जागेत इंजिन चालू ठेवून गळती शोधू नका.

सेन्सर हलवला, वायर कापली

नवा डाउनपाइप बसवताना सेन्सरची जागा थोडी सरकते. ‘दोन-चार इंचांनी काय होतंय’ असं म्हणणाऱ्यांना काय होतं ते पुढे कळतं. सेन्सर काम करायला त्याचं आतलं सिरॅमिक साधारण ३०० अंशांच्या वर तापलेलं असावं लागतं. आतला हीटर मदत करतो, पण सेन्सर फार मागे नेला तर तो गार राहतो आणि बातमी उशिरा देतो. टर्बाइनच्या अगदी तोंडाशी लावला तर भाजून निघतो. आणि पाइपाच्या खालच्या बाजूने लावला तर थंड सुरुवातीला साठलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर येऊन त्याला तडा जातो. म्हणून सेन्सर वरच्या अर्ध्या भागात, तिरका, घड्याळाच्या १० ते २ या आकड्यांच्या दरम्यान असावा.

वायर पुरत नाही म्हणून ती कापून वाढवतात. इथे दोन बारकावे आहेत. काही सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींच्या आतल्या तारांमधून घेतात. जोड सोल्डरने भरला की ती वाट बंद होते. आणि वाइडबँड जातीच्या, म्हणजे मिश्रणाचं प्रमाण नेमकं मोजणाऱ्या, बऱ्याच सेन्सरांच्या कनेक्टरमध्येच त्या विशिष्ट सेन्सरचं कॅलिब्रेशन ठरवणारा रेझिस्टर असतो. जुना कनेक्टर कापून दुसरा लावला की सेन्सर चुकीचं वाचतो. तयार मिळणारी जोडवायर वापरणं हाच धड मार्ग. सांध्यांना कुठलंही सिलिकोन सीलंट फासणंही टाळावं, त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होतो. सेन्सरला चालणारं सीलंट वेगळं मिळतं आणि त्यावर तसं लिहिलेलं असतं.

पुढचा आणि मागचा सेन्सर एकमेकांच्या जागी जोडणं हीसुद्धा होणारी चूक आहे, जिथे दोन्ही कनेक्टर सारखे असतात तिथे.

बूस्ट आवरेनासा होतो तेव्हा

टर्बोला मोकाट सोडलं तर तो इंजिन फोडेल. म्हणून वेस्टगेट नावाची झडप असते. बूस्ट ठरल्या मर्यादेला पोचला की ती उघडते आणि काही वायू टर्बाइनला वळसा घालून पुढे जातो. ईसीयू एका सोलेनॉइडने किंवा मोटरने ही झडप किती उघडायची ते ठरवतो.

हे धरणाच्या सांडव्यासारखं आहे. सांडव्याची रुंदी ठरावीक पाण्यासाठी बांधलेली असते. येवा त्याहून वाढला तर सगळे दरवाजे उघडूनही पातळी चढतच राहते. वेस्टगेटचं छिद्रही कारखान्याच्या अरुंद एक्झॉस्टला पुरेल इतकंच केलेलं असतं. पुढचा पाइप मोकळा झाला की टर्बाइनमधून जाणं वायूला सोपं होतं, छिद्र पूर्ण उघडं असूनही टर्बाइनकडे जास्त वायू वळतो, आणि आरपीएम वाढेल तसा बूस्ट हळूहळू चढत जातो. याला बूस्ट क्रीप म्हणतात. थंड हवेत आणि वरच्या गिअरमध्ये तो जास्त दिसतो, कारण हवा घन असते आणि इंजिन त्या आरपीएममध्ये जास्त वेळ असतं. उन्हाळ्यात ठीक चालणारी गाडी थंडीत अडखळू लागली तर हे कारण मनात ठेवावं. यावर नुसतं सॉफ्टवेअर उपाय करू शकत नाही. झडप आधीच पूर्ण उघडी आहे, ईसीयू आणखी काय उघडणार? छिद्र मोठं करणं, मोठी झडप बसवणं किंवा थोडा अरुंद पाइप घेणं, असे यांत्रिक उपाय लागतात.

दुसरा प्रकार बूस्ट स्पाइकचा. इथे झडप पुरेशी असते, पण टर्बो पूर्वीपेक्षा लवकर फिरू लागल्याने ईसीयूची जुनी सवय उशिराची ठरते. बूस्ट क्षणभर उसळतो आणि परत ठरल्या पातळीवर येतो. हा मात्र ट्यूनिंगने सुटतो.

दोन्हीत ड्रायव्हरला जाणवतं ते एकच: ताकद एकदम तुटणं. ईसीयूला ठरल्यापेक्षा जास्त बूस्ट दिसला की तो इंधन तोडतो किंवा थ्रॉटल मिटतो, ‘पी ०२३४’ कोड नोंदवतो आणि काही गाड्या लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद मर्यादित ठेवून चालण्याच्या अवस्थेत, जातात. लोक याला बिघाड म्हणतात. खरं तर ईसीयूने इंजिन वाचवलेलं असतं. ही मर्यादा कळू नये म्हणून दाबाच्या सेन्सरचा सिग्नल कापणारी उपकरणं विकली जातात. त्यांच्या नादी लागू नये. दाबाच्या सेन्सरची मोजण्याची कमाल मर्यादा असतेच. तिच्या वर काय चाललंय हे ईसीयूला अजिबात दिसत नाही.

उलट तक्रारही येते: पाइप बदलल्यावर बूस्टच कमी झाला, कोड ‘पी ०२९९’. अशा वेळी वेस्टगेटच्या दांड्याला धक्का लागून तो पूर्ण मिटत नाहीये का, आणि काम करताना काढलेली बारीक रबरी नळी परत लावली आहे का, हे आधी बघा. बऱ्याचदा नळीच निघते.

मिश्रण पातळ झालं तर मोडतं काय?

जास्त हवा आली, इंधन त्या प्रमाणात वाढलं नाही, तर बूस्टच्या वेळी मिश्रण खरोखर लीन होतं. सिलिंडरमध्ये ठिणगीपासून आग पसरत जात असताना कोपऱ्यात राहिलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने स्वतःच पेटतं. हेच नॉकिंग. हलक्या प्रमाणात ते नॉक सेन्सर पकडतो आणि ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो. गाडी वाचते, पण ताकद कमी होते आणि उशिरा जळणारा वायू तापलेलाच एक्झॉस्टमध्ये जातो. टर्बो आणि कॅट भाजतात. म्हणजे ताकद वाढवायला केलेल्या बदलाने ताकद कमी होऊ शकते, आणि ‘आवाज वाढला पण गाडी पळत नाही’ या तक्रारीमागे हेच असू शकतं. नॉकिंग जोरात आणि वारंवार झालं तर पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटते. मग कॉम्प्रेशन जातं, तेल जळतं, आणि इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नसतं.

मिसफायरचं, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण न पेटण्याचं, एक साधं कारण पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सिलिंडरमधला दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल जुनी असेल, प्लगची फट झिजून रुंदावली असेल, तर जुन्या बूस्टला सगळं ठीक चालतं आणि वाढलेल्या बूस्टला ठिणगीच पडत नाही. पेडल दाबताच इंजिन ठेचकाळतं. नवे प्लग, आणि ट्यूनरने सांगितलेली किंचित कमी फट, एवढ्यावर काम भागतं. मिसफायर चालू ठेवून गाडी दामटली तर न जळलेलं इंधन आणि ऑक्सिजन कॅटमध्ये जाऊन जळतात. कॅटची जाळी वितळते, तुकडे होऊन पुढे अडकतात, आणि मोकळा केलेला एक्झॉस्ट आता कारखान्याच्या एक्झॉस्टपेक्षा जास्त तुंबतो.

डिझेलची गोष्ट थोडी वेगळी. तिथे कॅटबरोबर काजळी पकडणारा फिल्टर असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणारा सेन्सर असतो. फिल्टर भरला की ईसीयू जादा डिझेल सोडून धुराचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळतो. फिल्टर काढला पण ईसीयूला तो आहेच असं वाटत राहिलं, तर काही गाड्या ठरावीक अंतरानंतर ही जाळणी करायला जातात. उशिरा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं, आणि डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसते. तेल वाढणं ही आनंदाची बातमी नाही. ते पातळ झालं आहे आणि टर्बोचं बेअरिंग याच तेलावर तरंगतं.

यांत्रिक बाजूचंही थोडं. इंजिन रबरी माउंटवर हलतं, म्हणून पाइपात लवचिक तुकडा असतो. तो वगळून सरळ कडक पाइप लावला तर सगळा ताण टर्बोच्या फ्लँजवर येतो आणि आज ना उद्या तिथे तडा जातो. उष्णतारोधक पत्रे परत बसवले नाहीत तर जवळची वायरिंग, स्टिअरिंगचं रबर, ड्राइव्ह शाफ्टचं बूट वितळतं.

शोधायचं कुठून

कोड वाचा, पण पुसू नका. कोडसोबत त्या क्षणाची नोंद साठलेली असते: आरपीएम किती, तापमान किती, इंजिनवर भार किती. दोष आयडलिंगला येतो की पूर्ण बूस्टला, हे तिथेच कळतं आणि अर्धा शोध तिथेच संपतो.

मग फ्युएल ट्रिम बघा, आधी आयडलिंगला, नंतर २५०० आरपीएमवर. आयडलिंगला ट्रिम खूप जास्त आणि आरपीएम वाढवल्यावर उतरत असेल तर कुठूनतरी हवा शिरतेय. एक्झॉस्टचा सांधा किंवा इनटेकची नळी. आयडलिंगला ठीक आणि भार टाकल्यावर चढत असेल तर इंधन पुरत नाही किंवा हवा मोजणारा सेन्सर कमी दाखवतो.

गळतीसाठी इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून उघड्या जागेत कान द्यावा. सांध्याभोवती काजळीची रेष दिसते का बघावं. त्याहून चांगलं म्हणजे बंद गाडीच्या मागच्या पाइपातून धूरयंत्राने धूर सोडणं. जिथून तो निघेल ती फट.

बूस्टचा संशय असेल तर मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, वेस्टगेटची आज्ञा आणि ठिणगी किती मागे घेतली (उशिरा टाकली) जाते, या चार गोष्टी एकत्र नोंदवून घ्याव्यात, तेही डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर. आरपीएमबरोबर बूस्ट चढत गेला आणि वेस्टगेटची आज्ञा ‘पूर्ण उघड’ अशी असेल तर तो क्रीप आहे. चाचणीत ठिणगी वारंवार मागे घेतली जात असेल तर तिथेच थांबावं. ‘अजून एकदा बघू’ म्हणून पेडल दाबण्यात इंजिनं गेली आहेत. इंजिनचा दिवा स्थिर असेल तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर मिसफायर इतका आहे की कॅट जळू शकतो. तेव्हा पेडलवरचा पाय काढून, सुरक्षित जागा बघून गाडी थांबवावी.

एवढं करून काही हाती लागलं नाही तर जुना एक्झॉस्ट परत बसवून बघण्यासारखी चाचणी नाही, म्हणून काढलेला पाइप लगेच भंगारात घालू नये. मात्र जुना पाइप लावल्यावर ईसीयूची शिकलेली दुरुस्ती पुसून टाका आणि त्याला पुन्हा शिकायला थोडा वेळ द्या, नाहीतर पहिले काही किलोमीटर गाडी जुन्या पाइपावर नव्या पाइपाचं ट्रिम लावून चालेल आणि निकाल चुकेल. त्यानंतरही त्रास तसाच राहिला, तर दोष एक्झॉस्टमध्ये नव्हताच. झिजलेली कॉइल किंवा चिरलेली इनटेक नळी आधीपासून होती, आणि वाढलेल्या बूस्टने ती उघडी पाडली एवढंच.